फुटलेलं तावदान बदलताना: खाचेपासून रंगाच्या शेवटच्या हातापर्यंत

मी स्वतः बसवलेली पहिली काच दोन महिने टिकली. बसली तेव्हा इतकी चपखल होती की घरात येईल त्याला नेऊन दाखवत होतो. मग पावसाळा लागला आणि एका रात्री खोलीत ‘टक्’ असा आवाज झाला. सकाळी पाहतो तर खालच्या कोपऱ्यातून निघालेला तडा तिरका वरपर्यंत गेलेला. ना चेंडू लागला होता, ना वाऱ्याने झडप आपटली होती. दोष त्या चपखलपणाचाच होता. खाचेचं माप मिलिमीटरपर्यंत घेऊन मी तेवढीच काच कापून आणली होती. दमट हवेत लाकूड फुगलं आणि काचेला हलायला जागाच उरली नाही.

त्यानंतर बऱ्याच खिडक्या हाताखालून गेल्या. लाकडी, लोखंडी, सरकत्या, सगळ्या. प्रत्यक्ष काच बसवण्याचं काम दहा-पंधरा मिनिटांचं असतं. बाकी सगळा वेळ जातो तो बोटभर रुंदीच्या त्या खाचेत. नवखे लोक नेमकी तीच जागा उरकून टाकतात, म्हणून पुढे मी तिथेच जास्त रेंगाळणार आहे.

एक अट आधीच. खिडकी वरच्या मजल्यावर असेल आणि काम बाहेरून करावं लागणार असेल, तर ते स्वतः करू नका. झडप बिजागरीतून सुटून आत येत असेल तर ती काढून टेबलावर आडवी ठेवा आणि निवांत काम करा. तळमजल्यावरच्या खिडकीचीसुद्धा मी झडप काढूनच घेतो. उभ्या झडपेत पुट्टी भरणं आणि आडव्या झडपेत भरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

१. आधी तडा वाचा

काच कशामुळे फुटली हे कळल्याशिवाय नवी आणू नका, नाहीतर तीही त्याच वाटेने जाईल.

एका बिंदूपासून चहूकडे रेषा फुटल्या असतील तर काहीतरी लागलंय. हे सगळ्यात सोपं प्रकरण, नवी काच बसवली की विषय संपला. तडा कडेपासून काटकोनात निघून मग वळत गेला असेल तर बहुधा उन्हाचा ताण आहे: काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दडलेली कड गार राहते आणि कडेला जिथे आधीच बारीकसा टवका असतो तिथून काच उलते. अर्ध्या काचेवर गडद फिल्म चिकटवली असेल किंवा आतून पडदा अगदी काचेला टेकून असेल तर हे लवकर होतं. आणि तडा कोपऱ्यातून निघाला असेल तर चौकटीकडे बघा. लाकूड फुगलंय, झडप वाकलीये, एखादी चूक (काच अडकवणारा बारीक खिळा) काचेच्या कडेवर रुतलीये किंवा लोखंडी चौकट आतून गंजलीये. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि ती जागा तो काचेला ढकलूनच मिळवतो.

टफन, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेल्या काचेची गोष्ट वेगळी. ती फुटली की एकदम सगळीच फुटते आणि ज्वारीच्या दाण्यांएवढ्या-चण्यांएवढ्या खड्यांचा ढीग होतो. कधी कधी कुणी हात न लावताही फुटते. काच बनताना आत राहिलेला निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण वर्षांनंतर फुगतो, हे त्याचं एक ज्ञात कारण आहे. तेव्हा घरातल्या मुलांवर संशय घेण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

दुहेरी काचेच्या खिडकीत दोन काचांच्या मध्ये धुकं साचत असेल तर ते पुसून जाणार नाही. कडेचं सील गेलंय. दोन काचांचा तो अख्खा जोड बदलावा लागतो. चौकट मात्र तीच राहते.

आणि दुरुस्ती? खरं सांगायचं तर साध्या काचेचा तडा दुरुस्त होत नाही. एपॉक्सी भरून किंवा दोन्ही बाजूंनी पारदर्शक टेप लावून पाऊस-वारा थोपवता येतो, तुकडे गळून पडत नाहीत, नवी काच येईपर्यंत चार दिवस निघतात. तेवढ्यापुरतंच ते वापरा. त्या टेपवर वर्ष काढलेली घरं मी पाहिली आहेत, त्यातलं एक माझंच.

भाड्याचं घर असेल तर काहीही काढण्याआधी फुटलेल्या खिडकीचे फोटो काढा आणि मालकाला कळवा. घराचा विमा असेल तर हे फोटो आणि काचेची पावती तिथेही लागतात. इमारतीला बाहेरून एकसारख्या रंगाच्या काचा असतील तर रंग बदलण्याआधी विचारून घ्या.

२. सामान

- जाड चामड्याचे हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा, बंद बूट. चपला घालून हे काम करू नका.
- रुंद चिकटपट्टी, वर्तमानपत्रं, जाड पुठ्ठ्याचं खोकं
- पटाशी (जुनी, कारण तिची धार जाणार आहे), हलकी हातोडी, पक्कड
- पुट्टीची पाती, म्हणजे पातळ लवचीक पत्र्याची सुरी
- मापाची टेप, गुण्या (काटकोन तपासायचा), पेन्सिल
- बारीक चुका, साधारण १५ ते २० मिलिमीटर लांबीच्या
- काचेची पुट्टी आणि थोडं जवसाचं तेल
- पॉलिश पेपर, एक जाडा आणि एक बारीक
- प्रायमर, ऑइल पेंट, २५ मिलिमीटरचा ब्रश, टर्पेंटाइन
- फाटके सुती कपडे, जमतील तेवढे

यात एक सापळा आहे. दुकानात नुसतं ‘पुट्टी द्या’ म्हणालात तर हातात भिंतीची पुट्टी पडेल, पांढरी भुकटी. ती खिडकीला चालत नाही. एका पावसात फुगून पडते. आपल्याला हवी ती खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेली, कणकेसारखी. ‘काचेची पुट्टी’ असं स्पष्ट सांगा. रंगारी लोक हिला लांबी म्हणतात, जुन्या माणसांच्या तोंडी लुकण असतं.

३. फुटकी काच काढणं

काचेच्या दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीच्या आडव्या-उभ्या रेघा मारा. खाली वर्तमानपत्रं पसरा. लहान मुलं आणि पाळीव प्राणी खोलीबाहेर, दार बंद.

सुटे तुकडे वरून खाली काढत या. वरचा तुकडा लोंबकळत असताना खालचा काढलात तर वरचा पात्यासारखा मनगटावर येतो. तुकडा निघत नसेल तर झटका देऊ नका. हलकेच मागेपुढे हलवा, पुट्टी सैल होते आणि तो सुटतो. काच अजून अखंड असेल, फक्त तडकली असेल, तर पट्ट्या मारलेल्या काचेवर जाड कापड धरून आतून बाहेरच्या दिशेने हातोडीने हळू ठोका द्या; बाहेर कोणी नाही ना, हे आधी पाहा.

तुकडे थेट खोक्यात टाका, खोकं चिकटपट्टीने बंद करा, वर मोठ्या अक्षरात ‘फुटकी काच’ लिहा. कचरा उचलणाऱ्याचा हात आणि ती काच यांच्यामध्ये पातळ प्लास्टिक पिशवी असणं पुरेसं नाही. खिडकीची काच बाटल्यांच्या काचेबरोबर पुनर्वापराला देऊ नये. दोन्हींचा मालमसाला आणि वितळण्याची रीत अगदी एक नसते.

जमिनीवरची बारीक कच झाडूने पुरती निघत नाही. ओल्या कापसाने किंवा ओल्या कागदाने टिपून घ्या. मग अंधार करा आणि बॅटरी जमिनीला टेकवून आडवा झोत मारा. राहिलेला प्रत्येक कण चमकतो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा खिडकीपासून चार मीटरवर, सोफ्याच्या पलीकडे, कच सापडली होती.

४. खाच साफ करणं

आता खरं काम. लाकडी झडपेच्या चारही बाजूंना आतून पायरीसारखी कापलेली जागा असते, तीच खाच. काच त्या पायरीवर टेकते आणि बाहेरून पुट्टीने किंवा लाकडी पट्टीने अडकते.

पट्टी असेल तर नशीब. पट्टीच्या मध्यावर पटाशी घालून हळूच उचला, टोकापासून सुरुवात केलीत तर पट्टी टोकालाच चिरते. काढलेल्या पट्टीवर मागून खूण करा: वरची, खालची, डावी, उजवी. चारही दिसायला सारख्या, पण जागा बदलली की कोपऱ्यात फट पडते.

पुट्टी असेल तर ती दगड झालेली असते. पटाशी खाचेला समांतर धरून, हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी टवके काढत जा. पटाशी लाकडात घुसू लागली की समजा कोन चुकला. काही ठिकाणी पुट्टी सुटता सुटत नाही. तिथे जवसाचं तेल चोळून रात्रभर ठेवा, थोडी नरमते. गरम हवेच्या बंदुकीने ती लवकर मऊ होते हे खरं, पण शेजारच्या चौकोनात अखंड काच असेल तर तापून ती तडकेल. एक काच बदलायला घेतली आणि तीन बदलाव्या लागल्या, असं होतं.

मध्येच जुन्या चुका लागतील. त्या पक्कडीने ओढून काढा, आत ठोकून देऊ नका. वर आलेलं एखादंच डोकं नव्या काचेच्या कडेला टेकलं की सहा महिन्यांनी पुन्हा हा लेख वाचावा लागेल.

धुळीबद्दल गंभीरपणे सांगतो. घर जुनं असेल तर रंगात शिसं असू शकतं. पूर्वी तेलाच्या रंगात ते सर्रास घालत. अशा रंगावर कोरडा पॉलिश पेपर घासायचा नाही. पाणी शिंपडून ओला घासा, तोंडावर बारीक धूळ अडवणारा मास्क घाला, पडलेला चिखल कागदातच गुंडाळून टाका. लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असेल तर हे काम बाहेर करा, किंवा माहीतगाराकडून करून घ्या.

पुट्टी निघाली की लाकूड तपासा. पेचकसाचं टोक ठिकठिकाणी दाबून बघा, विशेषतः खालच्या दोन कोपऱ्यांत. पाणी तिथेच साचतं. टोक लोण्यात घुसावं तसं आत गेलं तर लाकूड कुजलंय. वरवरचं असेल तर कुजका भाग कोरून, पूर्ण वाळवून लाकडाचं एपॉक्सी फिलर भरता येतं. अर्ध्या जाडीपर्यंत गेलं असेल तर सुताराला दाखवा आणि तो तुकडा सांधून घ्या. कुजक्या खाचेत नवी काच बसवणं म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणं.

शेवटी खाच ब्रशने झाडा, आणि नवख्यांपैकी जवळजवळ कुणीच करत नाही ते करा: उघड्या लाकडाला प्रायमरचा एक हात द्या आणि वाळू द्या. कोरडं लाकूड तहानलेलं असतं. ते पुट्टीतलं तेल शोषून घेतं, उरतो नुसता खडू, आणि वर्षाच्या आत पुट्टी भेगाळून पडते. लोक म्हणतात पुट्टी खराब निघाली.

५. माप

रुंदी तीन ठिकाणी मोजा: वर, मध्ये, खाली. उंचीही तशीच, डावीकडे, मध्ये, उजवीकडे. प्रत्येकातलं सर्वांत लहान माप धरा. मग दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तर झडप गुण्यात आहे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालून जातो, त्याहून जास्त असेल तर पुठ्ठ्याचा तंतोतंत नमुना कापा आणि तो घेऊन जा.

आता त्या लहानात लहान मापातून रुंदीत ३ ते ४ आणि उंचीत ३ ते ४ मिलिमीटर वजा करा. म्हणजे चारही बाजूंना साधारण दीड-दोन मिलिमीटर मोकळे राहतात. मोठ्या काचेला थोडी जास्त जागा सोडा. उदाहरणार्थ, खाचेतलं माप ४५२ × ६०४ आलं तर काच ४४८ × ६०० ची.

माझी पहिली काच फुटल्यावर दुसरी कापून घ्यायला गेलो तेव्हा काच कापणाऱ्या काकांनी कागद हातात घेऊन एकच प्रश्न विचारला, “हे माप खाचेचं की काचेचं?” मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, “म्हणजे खाचेचं.” तेव्हापासून मी कागदावर वरच शब्दांत लिहितो: ‘काचेचं माप, जागा सोडून’. हे लिहिलं नाही तर दुसरा सापळाही असतो. तुम्ही जागा सोडलेली असते, कापणारा भला माणूस स्वतःहून आणखी सोडतो, आणि काच खाचेत खुळखुळते.

लिहिताना आधी रुंदी, मग उंची, आणि शेजारी छोटी आकृती. नक्षीची किंवा रेघांची काच असेल तर रेघा उभ्या हव्यात की आडव्या, तो बाणही काढा. एकदा कापली की फिरवता येत नाही.

६. कुठली काच

जुन्या काचेचा तुकडा सोबत न्या, जाडी त्यावरून कळते. लहान चौकोनांना ३ किंवा ४ मिलिमीटर पुरते, मोठ्या पल्ल्याला ५ किंवा ६. वजनाचा हिशेब सोपा आहे: दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. ६० बाय ९० सेंटिमीटरची ४ मिलिमीटर काच सुमारे ५.४ किलो भरते. जाडी वाढवण्याचा मोह झाला तर आधी बिजागऱ्यांची आणि खाचेच्या खोलीची विचारपूस करा.

दारातली काच, जमिनीलगतची खिडकी, न्हाणीघर, जिना, म्हणजे जिथे माणूस घसरून काचेवर जाऊ शकतो तिथे साधी काच लावू नका. टफन किंवा लॅमिनेटेड घ्या. टफन काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. माप चुकलं तर ती काच गेलीच. म्हणून तिचं माप दोन वेगवेगळ्या दिवशी घ्या. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, फुटली तरी तुकडे त्यालाच चिकटून राहतात. तिच्या कडेला पाणी साचू देऊ नका, पापुद्रा सुटून कडा पांढुरक्या होतात.

दुधी काचेची खरबरीत बाजू आत घ्या. बाहेर ठेवली तर धूळ तिच्यात बसते, आणि पुट्टीचे तेलकट डाग तर कायमचे.

काच घरी कापावी का? चाकाच्या कटरने एकाच दाबात, न थांबता एक रेघ मारायची असते. बरोबर लागली तर कागद फाटल्यासारखा सलग ‘सर्रर्र’ आवाज येतो. रेघ दुसऱ्यांदा गिरवली की कटर आणि काच दोन्ही वाया. शिकायला मजा येते, पण ती रद्दीतल्या तुकड्यांवर. खिडकीची काच कापूनच आणा आणि कडांची धार घासून मागा.

आणताना काच नेहमी उभी धरा. आडवी धरली तर स्वतःच्याच वजनाने मोडू शकते.

७. बसवणं

काच आधी कोरडीच ठेवून बघा. चारही बाजूंनी फट दिसते का? कुठे घासते का? घासत असेल तर लाकूड तासा, काच दाबू नका.

पुट्टी हातात घेऊन पोळीच्या कणकेसारखी मळा. हाताला चिकटत असेल तर खडूची पूड लावा, तुटत असेल तर जवसाच्या तेलाचे दोन थेंब. बोटाएवढ्या जाड वळ्या करा आणि खाचेच्या पायरीवर सगळीकडे दाबून पसरा, साधारण ३ मिलिमीटरचा थर राहील अशी. याला गादी समजा. ही गादी टाळून काच थेट लाकडावर टेकवणं ही नेहमीची चूक. मग वाऱ्यावर काच थरथरते आणि पाणी आत झिरपतं.

मोठी काच असेल तर खालच्या खाचेत, दोन्ही कोपऱ्यांपासून थोडं आत, रबराचे दोन छोटे तुकडे ठेवा. काचेचं वजन त्यांवर येईल. आता आधी खालची कड टेकवून काच आत घ्या आणि कडांवर बोटांनी दाबत जा. मध्यावर कधीही दाबू नका. पुट्टी दुसऱ्या बाजूने ओघळून बाहेर येते. ती सगळीकडून सारखी येतेय म्हणजे गादी नीट बसली.

चुका दर १५ ते २० सेंटिमीटरवर, प्रत्येक बाजूला निदान दोन. त्या ठोकताना हात थरथरतोच, माझा अजूनही थरथरतो. युक्ती अशी की हातोडी उचलायचीच नाही. काचेवर पुठ्ठा ठेवा, पटाशी तिच्या सपाट बाजूवर आडवी टाका आणि काचेवरूनच घसटत नेऊन चुकेच्या डोक्यावर टकटक करा. हत्यार काचेवर टेकूनच असल्यामुळे तिच्यावर वरून घाव बसत नाही. चूक अर्धी लाकडात, अर्धी काचेवर आडवी. काचेच्या कडेला ती टोचता कामा नये.

मग वरची पुट्टी. पुन्हा वळ्या, अंगठ्याने दाबत कोपऱ्यात भरा. पातीला तेलाचा हात लावा, एक टोक लाकडाच्या कडेवर आणि दुसरं काचेवर टेकवून तिरकी धरा आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत न थांबता ओढा. पहिल्या वेळी पुट्टी पातीबरोबर सोलून येईल. वैतागू नका, परत दाबा, पाती जरा आडवी करा, पुन्हा ओढा. उतार असा हवा की पाणी काचेवरून बाहेर लाकडाकडे वाहून जाईल. आणि पुट्टीची काचेवरची रेघ आतल्या लाकडाच्या रेघेपेक्षा दोन मिलिमीटर खालीच राहू द्या. का, ते रंगाच्या वेळी कळेल.

काचेवरचा तेलकटपणा खडूच्या कोरड्या पुडीने, मऊ ब्रश फिरवून निघतो.

एक फार महत्त्वाचं. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि गुंडाळीतून ती बाहेर पडू शकत नाही. अशा चिंध्या आपोआप पेटतात. पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

८. लोखंडी, ॲल्युमिनियम आणि यूपीव्हीसी

लोखंडी खिडकीत चुकांऐवजी तारेच्या किंवा पत्र्याच्या क्लिपा असतात. कुठल्या भोकात होत्या त्याचा फोटो काढा. गंज तारेच्या ब्रशने चकाकी येईपर्यंत घासा आणि त्याच दिवशी गंजरोधक प्रायमर लावा, उघडं लोखंड रात्रभर ठेवलं की पुन्हा तांबारतं. पुट्टी लोखंडाची वेगळी येते. साधी पुट्टी लाकडात थोडी शोषली जाऊन घट्ट होते, लोखंडात तिला शोषणारं कोणी नाही.

ॲल्युमिनियमच्या सरकत्या झडपेला वर अडवणारा स्क्रू असेल तर तो सैल करा, झडप वर उचलून वरच्या खोबणीत घाला आणि खालची बाजू आपल्याकडे ओढा. कोपऱ्यांचे स्क्रू काढले की एक बाजू सुटते, काच रबरासकट सरकून बाहेर येते. रबर कडक झालं असेल तर नवंच घ्या आणि ते न ताणता, किंचित लांब कापून बसवा. ताणून बसवलेलं रबर काही महिन्यांत आखडतं आणि कोपरे उघडे पडतात. उन्हात ॲल्युमिनियम काचेपेक्षा साधारण अडीच पट जास्त फुगतं, तो सगळा फरक या रबरालाच झेलायचा असतो. खालच्या खोबणीतली छोटी भोकं पाणी जाण्यासाठी आहेत. ‘फट राहिली’ म्हणून ती सिलिकॉनने बुजवणारे कारागीरही मी पाहिलेत.

सिलिकॉन घेताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं धातूच्या चौकटीला टाळा, ते धातू खातं. ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्या. आणि साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही. लाकडी खिडकीत पुट्टीऐवजी सिलिकॉन भरून वर रंग मारायचा बेत असेल तर तो इथेच सोडा.

यूपीव्हीसीत, म्हणजे कडक प्लास्टिकच्या खिडकीत, काच आतल्या बाजूने पट्ट्यांनी अडकवलेली असते. काढताना सर्वांत लांब पट्टी आधी, मध्यापासून. लावताना आखूड पट्ट्या आधी. काचेखाली प्लास्टिकच्या ठोकळ्या असतात, त्या फेकू नका. झडप कुरकुरत नाही ती त्यांच्यामुळे.

९. थांबा

पुट्टीवर साय धरायला एक ते दोन आठवडे लागतात. बोट हलकेच टेकवून ठसा उमटत नसेल तर रंगाला घ्या. तोवर झडप आपटू देऊ नका, काच पुसू नका. फार महिने उघडीही ठेवू नका. ही पुट्टी रंगाच्या पांघरुणाखालीच टिकते.

१०. रंग

कोरडा, फार ऊन नसलेला दिवस निवडा आणि सकाळी लवकर सुरू करा. ऑइल पेंटला सुकायला वेळ लागतो, आणि रात्री खिडकी लावायची असते. कडी, खिट्टी, हँडल काढून ठेवा. त्यांच्याभोवती ब्रश फिरवण्याची कसरत करण्यापेक्षा चार स्क्रू काढणं लवकर होतं.

जुना रंग घट्ट असेल तर सगळा खरवडायची गरज नाही. सुटलेले पापुद्रे काढा, कडा बारीक पॉलिश पेपरने उतरवा, चकाकी मोडा. उघड्या लाकडाला प्रायमर, भेगांना लांबी, पुन्हा पॉलिश पेपर, मग रंगाचे दोन हात. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही बरे. जाड हात वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि झडप लावली की चिकटतो.

क्रम असा ठेवा: आधी काचेलगतच्या पुट्टीवर आणि मधल्या पट्ट्यांवर, मग झडपेच्या आडव्या फळ्या, मग उभ्या, मग झडपेच्या कडा, आणि सर्वांत शेवटी चौकट. झडपेची खालची कड विसरू नका. ती कुणाला दिसत नाही म्हणून तिला कुणी रंग देत नाही, आणि लाकूड तिथूनच पाणी पितं. खाली आरसा धरून बघितलंत तर बहुतेक खिडक्यांची खालची कड कोरी सापडेल.

आता ते दोन मिलिमीटर. रंग पुट्टीच्या कडेवर थांबवायचा नाही, पुढे काचेवर दीड-दोन मिलिमीटर येऊ द्यायचा. पुट्टी आणि काच यांच्यामधली केसाएवढी फट त्यानेच बंद होते. पुट्टीची रेघ आपण खाली ठेवली होती ती यासाठी, म्हणजे आतून रंगाची पट्टी दिसत नाही. मास्किंग टेप लावणार असाल तर पुट्टीला चिकटवून लावू नका, तेवढी जागा सोडून लावा, आणि रंग ओला असतानाच काढा. वाळल्यावर काढलीत तर टेपबरोबर रंगाची कडही सोलून येते.

मी टेप लावत नाही. ब्रश रंगात एक तृतीयांशच बुडवायचा, डब्याच्या काठावर एक बाजू निपटायची, पुट्टीच्या मधोमध टेकवून हलकेच काचेकडे ढकलायचा आणि श्वास रोखून एक लांब ओढ घ्यायची. काचेवर गेलेला जास्तीचा रंग दुसऱ्या दिवशी ब्लेडने निघतो: काच ओली करा, ब्लेड जवळजवळ आडवं धरा, आणि आधी पुट्टीपासून दोन मिलिमीटरवर एक चीर मारून तिथपर्यंतच खरवडा. कोरड्या काचेवर ब्लेड ओढलं की ओरखडे पडतात.

बिजागऱ्या, रबर आणि सरकत्या खोबण्या यांना रंग लावू नका. झडप सुकेपर्यंत उघडी ठेवा आणि पहिल्या दिवशी दर दोनेक तासांनी थोडी हलवा. पहिल्या रात्री खिडकी लावावीच लागली तर चौकट आणि झडपेमध्ये पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या ठेवा.

हँडल परत लावण्याआधी एक काम करून घ्या. झडपेच्या वरच्या कडेवर, जिथे फक्त शिडीवरच्या माणसाची नजर जाते, पक्क्या शाईने लिहून ठेवा: काचेचं माप, जाडी, आणि तारीख. माझ्या मागच्या खोलीच्या खिडकीवर ‘४४८ × ६००, ४ मि.मी.’ असं आहे, आणि त्याखाली खोडलेलं ‘४५२ × ६०४’.